हिरव्या दोऱ्याची बाटली

तिच्या हाताखाली माणूस जागा राहिला, असं सहसा व्हायचं नाही. भले भले यायचे. ताठ मानेचे, सारखं घड्याळ बघणारे, "मला दुपारची झोप लागत नाही हं" असं आधीच बजावून ठेवणारे. खुर्ची मागे कलायची, कोमट पाण्याची धार डोक्यावरून जायची, तिची बोटं कानामागून हळूहळू वर सरकायची, की पापण्या जड झाल्याच म्हणून समजा. मग कुणी घोरायचं, कुणी अर्धवट झोपेत बोलायचं. बँकेतले एक मोठे साहेब एकदा "आई, आज शाळा नको ना" असं म्हणाले. जागे झाल्यावर घाबऱ्याघाबऱ्या विचारू लागले, "मी काही बोललो का?" ती म्हणाली, "छे हो, काहीच नाही." असलं खोटं ती अगदी सहज बोलून जायची.

म्हणून तिचं नाव पडलं अंगाई. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

बरीच वर्षं ती एका सलूनमध्ये केस धुवायची. कापणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आणि धुणारी ही. या धंद्यात धुणाऱ्याला कुणी कारागीर म्हणत नाही. गिऱ्हाईक बक्षीस देतं ते कात्रीवाल्याला. अंगाईला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. माणसाचं डोकं हातात घेतलं की ते किती जड असतं आणि किती भरवशाने सोडून दिलेलं असतं, याचं तिला रोज नव्याने नवल वाटायचं. तेवढ्यावर तिचा दिवस छान जायचा.

अशीच एकदा एक डॉक्टरीणबाई केस कापायला आली. धुता धुता झोपली ती इतकी, की तिची कसलीशी महत्त्वाची बैठक बुडाली. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. अंगाईला वाटलं, आता भांडणार. बाई म्हणाली, "माझ्याकडे काम कराल का?"

काम असं होतं. ओढ्याकाठी एक काटक झुडूप वाढतं, अंगभर लांब, लोंबती, बुळबुळीत पानं. डॉक्टरीणबाई त्याचं एक शास्त्रीय नाव घ्यायची, ते पूर्ण घेताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागायचा. बाकी सगळे त्याला झिपरी म्हणायचे. या झिपरीच्या पानांच्या अर्काने गळलेले केस परत येतात का, हे बाईला पाहायचं होतं.

"लोकांना नुसत्या बाटल्या वाटल्या तर कुणी खसाखसा चोळेल, कुणी नुसतं थापेल, कुणी आठवडाभर विसरेल," बाई म्हणाली. "मग फरक पडला तर तो अर्काचा की हाताचा, कसं कळणार मला? सगळ्या डोक्यांवर हात एकच हवा. तुमचा."

आपला हात कुणाला असा हवा असेल, असं अंगाईला कधी वाटलं नव्हतं. तिने सलूनच्या मालकिणीचा निरोप घेतला आणि नदीकाठच्या त्या जुन्या इमारतीत रुजू झाली.

पूर्वी तिथे धुलाईचा कारखाना होता. लांबच लांब खोली, खिडक्यांना धुरकट काचा, त्यातून येणारा उजेड सायीसारखा. बाहेरचं काही नीट दिसायचं नाही. झाड हललं तर नुसता हिरवा डाग हलल्यासारखा वाटायचा. कलत्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या डोक्याशी पांढरं तस्त. पाण्याची वाफ काचेवर चढायची आणि ओघळायची. धक्क्यावरून फेरीबोटीचा भोंगा वाजला की झोपलेली माणसं एकाच वेळी सुस्कारा सोडायची. अंगाई या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरायची, आणि दुपार कधी सरली ते तिला समजायचंही नाही.

तिथला नियम असा की अर्ध्या लोकांना अर्काची बाटली आणि अर्ध्यांना साध्या, नुसत्या रंगवलेल्या पाण्याची. कुणाची कुठली, हे त्या माणसाला ठाऊक नाही, अंगाईला नाही, डॉक्टरीणबाईलाही नाही. ठाऊक फक्त एकाला, समोरच्या इमारतीत पानं वाळवून, भिजवून, गाळून अर्क काढणाऱ्या काढेमास्तरांना. ते प्रत्येक बाटलीच्या गळ्यात ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा बांधून पाठवायचे. त्यांनी बाटल्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद होती, आणि मास्तर मुळात इतके भिडस्त की त्यांनी सगळंच बोलणं सोडून दिलं. अंगाई एकदा म्हणाली, "आज ऊन फार आहे नाही?" तर ते दचकून म्हणाले, "मला काही कल्पना नाही," आणि भर उन्हात निघून गेले.

*

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण ती नसती तर ही गोष्टच झाली नसती.

आई लवकर गेली. अंगाईला वाढवलं ते ताईने. रोज सकाळी ताई तिला पुढ्यात बसवून वेणी घालायची, तोंडाने काहीबाही गुणगुणत. अंगाई वेणी संपेपर्यंत पुन्हा पेंगायची आणि शाळेला उशीर व्हायचा. हाताने माणूस झोपवण्याची कला अंगाईला कुठून आली, हे कुणी विचारलं असतं तर तिने ताईकडे बोट दाखवलं असतं. ताईचे स्वतःचे केस असे होते की बसताना वेणी पुढे घ्यावी लागायची, नाहीतर तिच्यावरच बसली असती.

मोठेपणी ताई फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं द्यायला बसू लागली. तिकिटाच्या खिडकीतून जगाला दिसतं काय? डोकं आणि बोटं. ताईला दोन्हींचा अभिमान होता. रोज जाणारे-येणारे तिला ओळखायचे, तिच्या वेणीतल्या रंगीत फितीवरून आजचा वार सांगायचे.

मग तिचे केस जायला लागले. सगळे एकदम नाहीत. गोल गोल ठिगळांनी, जागा धरत धरत. ताई स्कार्फ बांधू लागली. एक दिवस वाऱ्याने तो मागे सरकला आणि रांगेतल्या एका चिमुरडीने विचारलं, "तुमचे केस कुठे गेले?" विचारण्यात काही वाईट नव्हतं. मुलं विचारतात. ताईने तिला तिकीट दिलं, सुटे दिले, आणि एवढी मोठी रांग उभी असताना खिडकी खाली ओढली. ती परत उघडली नाही. त्या दिवसापासून ताई घरी बसून बोटीतल्या गाद्यांच्या खोळी शिवायची. आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. धक्क्यावरचा साहेब भला माणूस. त्याने बदली बाई बसवली आणि निरोप पाठवला, की नवीन वेळापत्रक लागेपर्यंत जागा तुमची, त्यापुढे मात्र मला नवी माणसं घ्यावी लागतील.

ताई पुन्हा खिडकीत बसावी, एवढंच अंगाईला हवं होतं. देवाकडे मागावं तसं तिने ते डॉक्टरीणबाईकडे मागितलं.

"बहीण आहे म्हणून काय बिघडलं?" बाई म्हणाली. "येऊ दे तिला. तुम्हाला बाटली कळणार नाही, तिलाही कळणार नाही. फक्त एक वचन द्या. दोऱ्यांना हात लावायचा नाही."

अंगाईने वचन दिलं. देताना अगदी मनापासून दिलं होतं, हे सांगितलं पाहिजे.

ताईला हिरवा दोरा मिळाला. ती यायची, सगळ्यांत कोपऱ्यातली खुर्ची घ्यायची, स्कार्फ काढून घडी करून छातीशी धरायची. आणि गंमत अशी की सगळ्या खोलीत तीच एकटी जागी असायची. डोळे टक्क उघडे, वर अंगाईच्या उलट्या दिसणाऱ्या चेहऱ्याकडे.

"झोप ना गं ताई."

"तू तोंडं काय काय करतेस ते बघतेय. ओठ चावू नकोस, चिमे."

चिमी हे अंगाईचं घरातलं नाव. ते आता एकट्या ताईच्याच तोंडी उरलं होतं.

*

अंगाईची बोटं मोठी चौकस होती. थोड्याच दिवसांत तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. सगळ्या बाटल्यांना वास सारखाच, किंचित आल्याचा; रंग सारखाच, गढूळ तपकिरी. पण काही बाटल्यांतलं पाणी चोळलं की तिच्या बोटांच्या टोकांना झिणझिण्या येत. बारीकशा, पायाला मुंग्या याव्यात तशा. आणि काही बाटल्यांनी काहीच व्हायचं नाही. बोटं आपली थंड.

झिणझिण्या म्हणजे अर्क. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? ज्यात जीव आहे ते चावणारच, असं अंगाईने मनाशी ठरवून टाकलं.

ताईच्या बाटलीने झिणझिण्या येत नव्हत्या.

तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हात धुऊन पाहिलं, दुसऱ्या हाताने पाहिलं. हिरवा दोरा थंड तो थंडच. वर ताई टक्क डोळ्यांनी बघतेय, तिला वाटतंय की आपल्या डोक्यात औषध मुरतंय, आणि आपण तिला रंगीत पाणी चोळतोय. तेही हसऱ्या चेहऱ्याने.

जांभळा दोरा होता पोस्टमनकाकांचा. निवृत्त झालेले, गप्पिष्ट, डोकं तळहातासारखं गुळगुळीत. "बाई, माझ्या टकलावर माशी बसली तर घसरून पडते," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. त्यांच्या बाटलीने अंगाईची बोटं अशी झिणझिणायची की ती पदराला पुसावी लागायची.

"काका, केस आले तर काय कराल हो?" तिने विचारलं.

"केस? मला कशाला हवेत केस! कंगवा विकत घ्यावा लागेल. घरी नातवंडं क्षणभर डोळा लागू देत नाहीत. मी इथे झोपायला येतो." आणि ते झोपलेसुद्धा.

टकल्याच्या हाती कंगवा म्हणतात तो असा, असं अंगाईला वाटलं. ज्याला नको त्याच्या डोक्यावर अर्क, आणि जिचं आयुष्य एका खिडकीपाशी अडलंय तिच्या वाट्याला पाणी. त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. धुरकट काचेतून ऊन येत होतं, तस्तात नळ ठिबकत होता, खोली रिकामी असूनही कुणी झोपलंय असं वाटत होतं. अंगाईने कपाट उघडलं आणि दोन बाटल्या खाली घेतल्या. काढेमास्तरांची गाठ मोठी नाजूक, ती सोडवायला नखं लागली. हिरवा दोरा तिने जांभळ्याच्या गळ्यात बांधला, जांभळा हिरव्याच्या. आपण चोरी करतोय असं तिला क्षणभरही वाटलं नाही. आपण एक चूक सुधारतोय असं वाटलं. पुढे प्रत्येक वेळी नव्या बाटल्या आल्या की ती तेच करायची, आणि मास्तरांसारखी गाठ तिला हळूहळू मास्तरांहून छान जमू लागली.

ताई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आज डोक्यात चुरचुरतंय गं. काहीतरी जागं झाल्यासारखं."

"होतंच असं," अंगाई म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

आणि खरंच, थोड्याच दिवसांनी ताईच्या कानामागच्या ठिगळावर लव दिसली. तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी. उजेडात धरलं तर दिसे, नाहीतर नाही. अंगाईने ताईचं बोट धरून त्यावरून फिरवलं. त्या दिवशी घरी जाऊन ताईने आरसा सरळ केला आणि धक्क्यावर निरोप पाठवला, की नवीन वेळापत्रकाला मी येते.

ते दिवस अंगाईला पुढे आठवले की स्वप्नातले वाटायचे. काम संपलं की ती धक्क्यावरच्या बाकावर बसायची, नदीवर ऊन सांडलेलं असायचं, आणि तिला डुलकी लागायची. एकदा तिला दिसलं की तिची सगळी माणसं एका बोटीत झोपलीयेत आणि प्रत्येकाच्या डोक्यातून झिपरी उगवलीय. लांब हिरवी पानं काठावरून पाण्यात लोंबतायत. ती एकेका डोक्यावरून हात फिरवत पुढे पुढे जातेय. बँकवाले साहेब आहेत, पोस्टमनकाका आहेत, मास्तरसुद्धा आहेत. फक्त ताईचं डोकं सापडत नाही. ती जागी झाली तेव्हा बोट पलीकडच्या काठाला लागत होती.

मग लव गळली.

जशी आली तशीच गेली, आवाज न करता. "कच्चे आधी गळतात, मग पक्के येतात," अंगाईने ठोकून दिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताईने मान हलवली. पुढल्या वेळी अंगाई तिच्या घरी गेली तेव्हा आरशाचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं.

तिकडे पोस्टमनकाकांच्या टाळूवर सावली दिसू लागली. अंगाईने पहिल्यांदा ती काचेवर ढकलली; धुरकट उजेडात काहीही दिसतं. काका म्हणाले, "बायको म्हणते डोकं नीट पुसत जा, मळ राहतो." अंगाईने टॉवेलने खरंच पुसून पाहिलं. सावली निघाली नाही.

*

चाचणी संपली. डॉक्टरीणबाईने चहा मागवला, काढेमास्तरांना बोलावलं, आणि कुठला दोरा कशाचा ते मास्तरांनी वाचून दाखवलं. बाई खुशीत होती.

"उड्या माराव्यात असं काही नाही," ती म्हणाली. "अर्कवाल्यांपैकी काहींना थोडंफार आलंय, काहींना काहीच नाही. पी हळद अन् हो गोरी, असलं हे काम नव्हेच. पण पुढची मोठी चाचणी घ्यावी इतपत नक्की आहे. फक्त दोन डोक्यांनी मला कोड्यात टाकलंय. पोस्टमनकाकांना सगळ्यांहून जास्त केस आले, आणि त्यांची बाटली साध्या पाण्याची. आणि तुमच्या ताई... त्यांना पहिल्यापासून अर्क होता. सुरुवातीला लव आली, मग थांबलंच."

अंगाईने कपबशी खाली ठेवली.

"ताईला अर्क?"

"हिरवा दोरा अर्काचाच," मास्तर म्हणाले.

"पण मग... झिणझिण्या?"

मास्तरांवरची बंदी उठली होती, आणि इतके महिने तुंबलेलं त्यांचं बोलणं एकदम सुटलं. त्यांना वाटलं, कुणीतरी अखेर त्यांच्या कामात रस घेतंय. "तुम्हाला कळलं ते? वा! त्याचं असं झालं, झिपरीच्या पानांना उग्र वास. तो झाकायला दोन्ही बाटल्यांत मी आल्याचा रस टाकायचो, अगदी सारखा. पण झिपरीची पानं बुळबुळीत असतात ना, तो चिकटपणा आल्याचा सगळा तिखटपणा गिळून टाकतो. अर्काची बाटली लागते मवाळ. साध्या पाण्यात त्याला कोण अडवणार? ते चुरचुरत राहतं. मला काळजीच होती, कुणाला हा फरक कळेल की काय."

कळला होता. ज्या हाताला कळला, त्यानेच उलटा अर्थ लावला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आपल्याच बाबतीत इतकं खरं ठरेल असं अंगाईला कधी वाटलं नसतं. ताईच्या वाट्याचं जे होतं ते तिने स्वतःच्या नखांनी गाठ सोडवून काढून घेतलं होतं आणि एका झोपाळू म्हाताऱ्याच्या टाळूवर चोळलं होतं. पुन्हा पुन्हा, मायेने.

गप्प राहता आलं असतं. बाईला आणि मास्तरांना कधी कळलं नसतं. पण तिला रडूच इतकं आलं की सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने सगळं सांगितलं, दोऱ्यांसकट, गाठीसकट.

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाईने चहा बाजूला सारला.

"ही दोन डोकी मी वगळीन," ती म्हणाली. "पण आता बाकीच्यांकडे मी कशी बघू?"

"बाकी एकाही दोऱ्याला मी हात लावला नाही, बाई. शपथ घेऊन सांगते."

"मला खरं वाटतं. पण माझ्या वाटण्यावर चाचणी उभी राहत नाही हो." बाईचा आवाज चढला नाही, आणि तेच अंगाईला जास्त लागलं. "सगळं नव्याने करावं लागेल. दुसऱ्या हाताने."

अंगाई दारापर्यंत गेली तेव्हा बाई मागून आली. तिच्या हातात मास्तरांकडून थेट आलेली, हिरव्या दोऱ्याची एक बाटली होती. "ही ताईंना द्या. ही पहिल्यापासून त्यांचीच होती."

*

ताई शिवणयंत्राशी बसली होती. अंगाईने उभ्यानेच सांगितलं, कारण बसली असती तर सांगवलं नसतं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधून मधून चाक फिरवून टाका पुढे घेत होती, मग तेही थांबलं.

"केसाने गळा कापणं म्हणतात, ते हे," ताई म्हणाली.

"ताई, मी तुझ्यासाठी..."

"माहितीये मला. माझ्यासाठीच केलंस. म्हणून तर जास्त राग येतोय. परक्या कुणी केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते." तिने बाटली घेतली, दोरा पाहिला, यंत्रावर ठेवली. "ती लव मी बोटाने पाहिली होती, चिमे. तू दाखवली होतीस. जा आता. उगाच काहीतरी बोलून बसेन मी."

अंगाई गेली. नंतर दोनदा आली, दार उघडलं नाही. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो तिच्या खाकरण्यावर थांबायचा आणि ती जिना उतरली की पुन्हा सुरू व्हायचा.

सलूनच्या मालकिणीने तिला परत घेतलं. तीच तस्तं, तेच कोमट पाणी. पण काहीतरी बिनसलं होतं. लोक झोपेनात. खुर्चीत चुळबुळ करायचे, "पाणी जरा गरम आहे का?" विचारायचे. मालकीण हसत हसत म्हणाली, "काय गं अंगाई, गिऱ्हाईकं जागी राहायला लागली," पण ती काळजीने बघत होती. अंगाईलाही ते कळत होतं. तिचा हात प्रत्येक डोक्यावर भीत भीत फिरायचा, जणू तिथेही काही बिघडवून ठेवेल.

असेच दिवस जात होते. आणि एका गर्दीच्या सकाळी सलूनचं दार उघडून ताई आत आली.

चारी बाजूंना आरसे, प्रत्येक खुर्चीत माणूस. ताई सरळ धुण्याच्या खुर्चीकडे गेली, बसली, आणि स्कार्फ काढला. घडी केली नाही. मांडीवर टाकून दिला. कात्र्यांचे आवाज जरा मंदावले आणि मग, लोक चांगले होते म्हणून, पुन्हा सुरू झाले. ताईने पिशवीतून बाटली काढून तस्ताच्या कडेवर ठेवली. हिरव्या दोऱ्याची गाठ तशीच होती.

"उघडली नाहीस?" अंगाईच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ती नंतर. येतील नाहीतर नाही येतील, बघू. आज नुसता हात लाव." ताईने डोकं मागे टेकलं. "सोमवारपासून नवीन वेळापत्रक लागतंय. मी साहेबाला सांगितलंय, मी बसतेय म्हणून. त्या पोरीने परत विचारलं तर सांगेन, एका पोस्टमनकडे गेलेत."

अंगाईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने पाण्याची धार सोडली. ताईचे डोळे अजून उघडेच होते.

"तिकडे सगळे झोपायचे, मी एकटी जागी असायची," ताई म्हणाली. "का, ते माहितीये?"

"का?"

"बाकीच्यांच्या डोक्यावर तुझा हात नुसता फिरायचा. माझ्या डोक्यावर तो केस शोधायचा. सारखा. जागा चाचपत. मी तुझी वेणी घालायची तेव्हा काही शोधत असायची का गं मी?"

अंगाईने बोटं ताईच्या कानामागे टेकवली, जिथे ती लव आली होती तिथे, आणि वर नेली. एक गोल ठिगळ आलं, गेलं. मग थोडे केस, मग पुन्हा ठिगळ. बोटं कुठेच थांबली नाहीत. पाणी कोमट होतं, काचेबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, धक्क्याकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. मालकिणीने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवून खूण केली, तर अंगाईने ओठांवर ओलं बोट ठेवून तिला गप्प केलं.

ताईच्या पापण्या मिटल्या होत्या. तोंड किंचित उघडं पडलं. आणि मग, सगळ्या सलूनला ऐकू जाईल अशा आवाजात, ती घोरायला लागली.